ही प्लेट काळी का असते? फिलाडेल्फिया १९७६ चं पूर्ण प्रकरण

लॅबमध्ये नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात हमखास एक प्रश्न येतो, मॅडम, ही प्लेट काळी का? प्लेट म्हणजे जंतू वाढवायचं खाद्य, आगर, ओतलेली चपटी बशी. बाकीच्या सगळ्या प्लेटा त्यांच्या ओळखीच्या असतात, ब्लड आगर लाल, मॅकॉन्की गुलाबी, चॉकलेट आगर तपकिरी, आणि त्यात ही एक काळीकुट्ट बीसीवायई, म्हणजे बफर्ड चारकोल यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आगर. त्यात खरोखरच कोळशाची पूड असते. उत्तर एका वाक्यात देता येतं, लेजिओनेला हा न्यूमोनियाचा जंतू त्याशिवाय नीट उगवत नाही, झालं. पण मी असं कधी देत नाही, दहा मिनिटं काढून फिलाडेल्फियाचं प्रकरण सांगते, कारण या प्लेटमधली एकेक गोष्ट कुठल्या ना कुठल्या फसलेल्या कल्चरमधून, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या प्रयत्नातून, आली आहे आणि ते कळल्याशिवाय "नो ग्रोथ" या दोन शब्दांचा अर्थ कळत नाही. आज तेच सगळं इथे लिहून काढतेय.

जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात उत्सवाचं वातावरण. अमेरिकन लीजन ही तिकडची माजी सैनिकांची संघटना, तिच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचं अधिवेशन २१ ते २४ जुलै असं चार दिवस बेलव्यू-स्ट्रॅटफर्ड नावाच्या जुन्या भव्य हॉटेलात भरलं. हजारो लोक, बरेचसे पन्नाशी-साठीचे, त्यातले कितीतरी सिगारेट ओढणारे, बायकामुलांसकट आलेले. चार दिवस भाषणं, मिरवणूक, लॉबीत गप्पा, मग सगळे आपापल्या गावी परत. आणि घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत एकेकाला ताप यायला लागला, साधासुधा नाही, १०२-१०४ वगैरे, थंडी वाजून, अंग मोडून, कोरडा खोकला, मग छातीत दुखणं आणि एक्स-रेत न्यूमोनिया. २७ जुलैला पहिला मृत्यू झाला. पण हे लोक राज्यभर विखुरलेले, एका दवाखान्यात एक तर दुसऱ्यात दुसरा, त्यामुळे कुठल्याच डॉक्टरला आपला पेशंट एका साथीचा भाग आहे हे दिसत नव्हतं. संघटनेच्या लोकांनाच आधी कळलं, कारण अंत्यविधीचे निरोप त्यांच्याकडे येत होते. २ ऑगस्टला अटलांटाच्या सीडीसीला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेला, खबर गेली.

त्या वर्षीची पार्श्वभूमी माहीत असेल तर तेव्हाची घबराट समजते. फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या फोर्ट डिक्स छावणीत स्वाइन फ्लूने एक सैनिक गेला होता, १९१८ ची फ्लूची महासाथ परत येतेय अशी धास्ती होती आणि सरकार सगळ्या देशाला लस टोचायची तयारी करत होतं. त्यामुळे फिलाडेल्फियाची बातमी आल्यावर सगळ्यांच्या मनात तेच आलं. पण काही दिवसांतच फ्लूच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. मग काय काय नाही तपासलं, बॅक्टेरिया, फंगस, व्हायरस, रिकेट्सिया आणि क्लॅमिडिया (हे पेशींच्या आतच वाढणारे बारीक जंतू), विषारी धातू, कीटकनाशकं. मध्ये निकेलचीही थिअरी आली, ऊतकांत निकेल जास्त सापडलं म्हणून, आणि नंतर संशय त्या पोस्टमॉर्टेमच्या अवजारांवरच गेला.

फील्डवरचं काम सीडीसीच्या डेव्हिड फ्रेझर यांच्या टीमने केलं आणि ते मला आजही शिकवायला आवडतं, कारण जंतू सापडायच्या आधीच या लोकांनी नुसत्या प्रश्नावल्यांवर त्याचं निम्मं चरित्र लिहून टाकलं होतं. कोण कुठल्या खोलीत राहिलं, काय खाल्लं, कुठे पाणी प्यायलं, लॉबीत किती वेळ उभं होतं. तर निघालं असं की आजारी पडलेल्यांनी हॉटेलच्या लॉबीत जास्त वेळ काढला होता. पेशंटच्या घरी राहिलेल्या नातेवाइकांना काहीच झालं नाही, म्हणजे माणसाकडून माणसाकडे जात नाही. आणि मग एक विचित्र गट, जे हॉटेलात शिरलेच नव्हते, फक्त बाहेरच्या ब्रॉड स्ट्रीटवरून किंवा जवळपासच्या फुटपाथवरून गेले होते, असे ३९ जण आजारी. त्यांना वेगळं नाव दिलं, ब्रॉड स्ट्रीट न्यूमोनिया. अधिवेशनवाले १८२, त्यातले २९ गेले, हे ३९ धरून एकूण २२१ आणि मृत्यू ३४. एवढ्यावरून हवेतून पसरलेलं काहीतरी आहे एवढं नक्की झालं. हॉटेलचे बरेचसे नोकर मात्र ठणठणीत होते, जे रोज तिथेच असायचे ते. याचं उत्तर नंतर मिळालं, त्यांच्यातल्या अनेकांच्या रक्तात आधीपासूनच अँटीबॉडी होत्या, म्हणजे हा पाहुणा त्या परिसरात आधीपासून येऊन-जाऊन होता.

पण लॅबच्या बाजूला सगळं रिकामं. आणि इथे मी जरा थांबते, कारण माझ्या दृष्टीने खरं प्रकरण इथे आहे.

फुफ्फुसाचे तुकडे आले होते, पोस्टमॉर्टेमचे. ते नेहमीच्या माध्यमांवर लावले, काही उगवलं नाही. ग्राम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून बघायची नेहमीची रीत, केला, पू-पेशी भरपूर, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) भरपूर, जंतू दिसत नाहीत. पॅथॉलॉजीवाल्यांनी कापलेल्या सेक्शनवर नेहमीचे स्टेन केले, तिथेही काही नाही. न्यूमोनियात फुफ्फुस असं भरलेलं, पेशी जिवाच्या आकांताने कशाशी तरी लढतायत, आणि समोर शत्रूच नाही. (पुढे जानेवारीनंतर डीटर्ले सिल्व्हर स्टेन करून बघितलं तर त्याच सेक्शनांत काळ्या काड्या खच्चून भरलेल्या दिसल्या. तिथेच होत्या, रंग घेत नव्हत्या एवढंच.)

सीडीसीच्या लेप्रसी अँड रिकेट्सिया ब्रँचमध्ये तेव्हा जोसेफ मॅकडेड नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता, नुकताच आदल्या वर्षी आलेला, रिकेट्सियातला माणूस. त्याचे वरिष्ठ चार्ल्स शेपर्ड. हे नाव आपल्याकडच्या लोकांना माहीत असायला हवं खरं तर, कारण कुष्ठरोगाचा जंतू प्लेटवर आजतागायत उगवत नाही, आणि तो उंदराच्या पंजाच्या तळव्यात वाढवता येतो हे १९६० मध्ये दाखवलं ते या शेपर्डनी. आनंदवनापासून कोकणातल्या छोट्या दवाखान्यांपर्यंत कुष्ठरोगावर जी औषधं पोचली, त्यांची परीक्षा बरीच वर्षं याच उंदरांच्या तळव्यांवर झाली. म्हणजे जे प्लेटवर येत नाही त्याच्यासोबत आयुष्य काढलेला माणूस त्या खोलीत बसलेला होता, आणि तरीही पाच महिने लागले.

मॅकडेडला काम दिलं होतं क्यू फीव्हर आहे का बघायचं. क्यू फीव्हरचा जंतू कॉक्सिएला, तोही पेशीच्या आतच वाढणारा, साध्या आगरवर न येणारा. त्याची तेव्हाची ठरलेली रीत अशी, ऊतक वाटून त्याचं पाणी गिनी पिगच्या पोटात टोचायचं, ताप येतो का बघायचं, आला की प्राण्याची प्लीहा काढून स्मिअर करायचा, म्हणजे काचेवर पातळ थर पसरून रंगवायचा, आणि तेच मटेरियल कोंबडीच्या फलित अंड्यात, बलकाच्या पिशवीत टोचून वाढवायचं. त्याने टोचलं. गिनी पिगला ताप आला, पण दोन-तीन दिवसांतच आला. क्यू फीव्हरला इतक्या लवकर येत नाही. स्मिअर बघितला, जिमेनेझ स्टेन, ज्यात मागचं सगळं हिरवं आणि रिकेट्सियासारखे जंतू लाल दिसतात. शंभर फील्डमध्ये कुठेतरी एखादी लाल काडी, रिकेट्सियापेक्षा मोठी. ती कसली, तर कंटॅमिनेशन असणार, गिनी पिगच्या स्वतःच्या आतड्यातून आलेली असणार, किंवा पोस्टमॉर्टेमच्या वेळी घुसलेली. आणि तसंही एखाद-दुसऱ्या काडीवर कोण निदान करणार.

आता पुढची पायरी बघा. कंटॅमिनेशन आहे असं मानलं की त्याचा बंदोबस्त करायला हवा, नाहीतर अंडी सडतील आणि खरा रिकेट्सिया वाढायच्या आधीच खेळ संपेल. मग अंड्यात टोचताना सोबत अँटिबायोटिक घातलं, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन, जे रिकेट्सियाला फारसं काही करत नाही पण साध्या बॅक्टेरियाला मारतं. ही चूक नव्हती, ही पद्धतच होती, मीही त्या जागी असते तर हेच केलं असतं. अंडी छान जगली. काहीही उगवलं नाही. रिपोर्ट निगेटिव्ह. जो जंतू शोधत होते तोच त्या औषधाने मेला होता.

मला हे वाचताना दरवेळी पोटात गोळा येतो, कारण यात कुणीही आळशी नव्हतं, कुणी घाई केली नव्हती, प्रत्येक पायरी पुस्तकाप्रमाणे बरोबर होती आणि त्या बरोबर पायऱ्यांनीच उत्तर पुसून टाकलं होतं.

मग सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. ऑक्टोबरमध्ये स्वाइन फ्लूची लस सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये बेलव्यू-स्ट्रॅटफर्ड बंद पडलं, ७२ वर्षांचं हॉटेल, कुणी खोलीच घेईना. संसदेत चौकशी झाली, सीडीसीला जाहीर बोलणी बसली. डिसेंबरच्या मध्यात लसीकरणही थांबवलं, गिलान-बारे या लकव्यासारख्या आजाराचे रुग्ण निघाले म्हणून. म्हणजे ज्यांच्या हातात हे होतं त्यांच्यासाठी ते वर्ष चहूबाजूंनी वाईटच.

मॅकडेडची सवय अशी की नाताळ ते नवं वर्ष या शांत आठवड्यात लॅबमध्ये येऊन वर्षभराची लोंबकळत राहिलेली कामं संपवायची. त्या नाताळच्या पार्टीत त्याला कुणीतरी बोललंही होतं की तुम्हा लोकांकडून आमची निराशा झाली. ते मनाला लागलं. त्यात त्या दोन-तीन दिवसांच्या तापाचं आणि त्या एखाद-दुसऱ्या काडीचं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. २८ डिसेंबरला त्याने ऑगस्टमधल्या त्याच स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली लावल्या.

ज्यांनी कधी ऑइल इमर्शनवर स्मिअर बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते, शंभरची लेन्स, तेलाचा थेंब, आणि एका वेळी दिसतं ते स्लाइडवरच्या एका ठिपक्याइतकं क्षेत्र. त्यामुळे पूर्ण स्लाइड बघायची म्हणजे एखादं शेत वीतभर चौकटीतून बघण्यासारखं, डावीकडून उजवीकडे, मग किंचित खाली, मग परत उलट. मान अवघडते, डोळे चुरचुरतात. रुटीनमध्ये काही फील्ड बघून आपण पुढे जातो, जावंच लागतं. त्याने त्या दिवशी सगळी स्लाइड घेतली. आणि एका फील्डच्या कोपऱ्यात एक-दोन नव्हे, लाल काड्यांचा पुंजका बसलेला. आता एखादी काडी वाऱ्याने पडली म्हणता येतं, पुंजका म्हणजे त्या तिथे वाढल्या आहेत.

फ्रीझरमध्ये त्या गिनी पिगच्या प्लीहेचं मटेरियल ठेवलेलं होतं. ते काढलं, परत अंड्यात टोचलं, या वेळी अँटिबायोटिक न घालता. काही दिवसांत अंडी मेली, बलकाच्या पिशवीचा स्मिअर केला तर लाल काड्यांनी गच्च.

पण तरीही तो थेट "सापडला" म्हणाला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. अंड्यात काहीतरी वाढलं म्हणजे त्याच्यामुळे माणसं मेली असं होत नाही. तर त्याने त्या जंतूचा अँटिजेन, म्हणजे ज्याला रक्तातल्या अँटीबॉडी चिकटतात तो भाग, करून पेशंटच्या पेअर्ड सीरमवर लावला, म्हणजे आजारपणाच्या सुरुवातीचं रक्त आणि काही आठवड्यांनी बरं झाल्यावरचं रक्त, फ्लोरोसन्ट अँटीबॉडीने. सुरुवातीच्यात कमी, नंतरच्यात टायटर, म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण, चढलेला. एकाच्यात असं झालं तर योगायोग, पण पुढे छापलेल्या पेपरात निकषात बसणाऱ्या १११ पेशंटपैकी १०१ जणांत निदानाला पुरेशी वाढ होती, आणि सहापैकी चार पेशंटच्या फुफ्फुसातून जंतू निघाला होता. १८ जानेवारी १९७७ ला सीडीसीने जाहीर केलं. लेजिओनेला न्यूमोफिला हे नाव मात्र १९७९ मध्ये आलं, लीजनवाल्यांवरून लेजिओनेला आणि फुफ्फुसाची आवड म्हणून न्यूमोफिला.

आता प्लेटकडे येऊ. अंड्यात वाढतोय म्हणजे अंड्यात असं काहीतरी आहे जे आपल्या आगरात नाही. सीडीसीतच आधी म्युलर-हिंटन आगरात हिमोग्लोबिन आणि आयसोव्हायटालेक्स नावाचं पूरक मिश्रण घातल्यावर तो पहिल्यांदा प्लेटवर आला, कसाबसा. मग तिथल्याच फीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक घटक काढून-घालून पाहिलं तर दोनच गोष्टींवर सगळं अडलेलं, एल-सिस्टीन हे अमिनो आम्ल आणि विरघळणारं लोह. हा जंतू साखर खातच नाही जवळपास, अमिनो आम्लांवर जगतो, आणि सिस्टीन त्याला तयारच लागतं. आपलं रोजचं ब्लड आगर कितीही पौष्टिक असलं तरी त्यात ते पुरेसं नाही. मग यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आलं, आणि कोळसा आला, कारण प्रकाश आणि हवेमुळे माध्यमातच काही विषारी ऑक्सिजन संयुगं तयार होतात, ती या जंतूला सहन होत नाहीत, कोळसा ती शोषून घेतो. १९८० च्या आसपास पीएच स्थिर ठेवणारा बफर घातला, कारण पीएच ६.९ च्या आजूबाजूलाच हवा, जरा इकडे-तिकडे झाला की रुसतो. मग अल्फा-कीटोग्लुटारेट हे आणखी एक पूरक. झाली बीसीवायई-अल्फा. एवढं सगळं करून तीन ते पाच दिवसांनी करड्या-पांढऱ्या बारीक वसाहती येतात, मायक्रोस्कोपच्या कमी लेन्सखाली कडा दळलेल्या काचेसारख्या चमकतात, काळ्यावर फार सुंदर दिसतात. पोरांना त्या दाखवल्या की प्रश्न विचारणारा गप्प होतो. आणि ओळख पटवायची सोपी रीत अशी की तीच वसाहत सिस्टीन नसलेल्या प्लेटवर लावायची, काळीवर आली आणि तिथे नाही आली म्हणजे लेजिओनेला असायची शक्यता खूपच जास्त.

इतका नाजूक जंतू मग बाहेर पाण्यात जगतो कसा, हे कोडं १९८० मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या रोबॉथम यांनी सोडवलं. तो अमिबात वाढतो. पाण्यातला अमिबा त्याला अन्न म्हणून गिळतो आणि हा आत पचायचं सोडून वाढत बसतो. आपल्या फुफ्फुसातला मॅक्रोफेज म्हणजे त्याच्या हिशोबाने आणखी एक अमिबाच. म्हणून तो पेशींच्या आत लपलेला, म्हणून पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन पेशंटमध्ये फसतात, आणि म्हणून फिलाडेल्फियात ज्यांना एरिथ्रोमायसिन मिळालं होतं त्यांचं बरं झालेलं दिसलं, ते औषध पेशीच्या आत पोचतं.

पण माझ्या मनात घर करून बसलाय तो फ्रीझरचा भाग. अँटिजेन हातात आल्यावर सीडीसीने जुनी, न सुटलेली प्रकरणं काढली, सीरम वर्षानुवर्षं जपून ठेवलेलं होतं. १९६५ ची वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयातली साथ, ८१ रुग्ण, पॉझिटिव्ह. १९६८ ची मिशिगनमधल्या पाँटियाक गावची, तीही आरोग्य खात्याच्याच इमारतीतली, १४४ जण तापाने आडवे, तपासायला गेलेलेही आजारी पडले पण कुणी दगावलं नाही, तीही पॉझिटिव्ह. तिथे तर त्या इमारतीत ठेवलेल्या गिनी पिगची फुफ्फुसं गोठवलेली होती, त्यातूनही तोच जंतू निघाला. त्याच बेलव्यू-स्ट्रॅटफर्डमध्ये १९७४ ला दुसऱ्या एका संघटनेचं अधिवेशन झालं होतं, त्या लोकांतही याच न्यूमोनियाचे रुग्ण निघाले. आणि शेवटी १९४७ ची एक नमुन्याची कुपी, कुणीतरी एका तापाच्या पेशंटच्या रक्तावरून गिनी पिगमध्ये वेगळा केलेला, रिकेट्सियासारखं काहीतरी म्हणून ठेवून दिलेला जंतू. तपासला तर लेजिओनेला न्यूमोफिला. तीस वर्षं तो बर्फात पडून होता. हॉटेलमधून मात्र तो जंतू कधीच मिळाला नाही, संशय छतावरच्या एसीच्या कूलिंग टॉवरवर राहिला, पण सिद्ध असं काही झालं नाही.

आता आपल्याकडचं. कूलिंग टॉवर मुंबई-पुण्यात काही कमी नाहीत, हॉस्पिटलं, मॉल, आयटी पार्क, हॉटेलं, आणि या जंतूला २० ते ४५ अंशाचं कोमट, साचलेलं, शेवाळलेलं पाणी आवडतं, म्हणजे आपलं हवामान त्याच्या सोयीचंच. तरीही लेजिओनेलाचं निदान मी फार कमी वेळा होताना पाहिलंय, आणि मला ठामपणे वाटतं की त्याचं मोठं कारण आपण विचारत नाही हे आहे. काळी प्लेट सगळीकडे नसते, असली तरी सांगितल्याशिवाय कुणी लावत नाही. रेसिडेंटचा फोन येतो, "मॅडम, आयसीयूतल्या न्यूमोनियाचं कल्चर निगेटिव्ह आलंय, म्हणजे बॅक्टेरियल नाही ना?" तेव्हा मी उलट चार गोष्टी विचारते. थुंकीच्या ग्राम स्टेनमध्ये पू-पेशी होत्या का आणि जंतू नव्हते का? सॅम्पलच्या आधी अँटिबायोटिक सुरू होतं का? पेशंट गेल्या दहा दिवसांत कुठे राहिला होता, हॉटेल, हॉस्पिटल, एसीचं बांधकाम, प्रवास? जुलाब आणि सोडियम कमी आहे का? यातल्या दोन-तीनची उत्तरं जुळली की सांगते, एकट्या बीटा-लॅक्टमवर (पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनच्या गटावर) बसू नका, अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन आत्ताच जोडा, लघवीचा अँटिजेन पाठवा पण तो मुख्यतः सेरोग्रुप १, म्हणजे या जंतूचा एकच उपप्रकार, पकडतो, निगेटिव्ह आला म्हणून सोडू नका, आणि खालच्या श्वासमार्गाचं सॅम्पल पाठवताना फॉर्मवर "लेजिओनेला" असं स्पष्ट लिहा. थुंकीत पू-पेशी कमी आहेत म्हणून ते सॅम्पल आम्ही नाकारत नाही, कारण या आजारात थुंकी बऱ्याचदा पातळ, पाण्यासारखीच येते. ते आम्ही थोडं आम्लाने किंवा उष्णतेने ट्रीट करून काळ्या प्लेटवर लावतो, म्हणजे बाकीची भाऊगर्दी मरते आणि हा टिकतो.

आणि प्लेट दहा दिवस ठेवतो. बाकीचं कल्चर ४८ तासांत टाकून दिलेलं असतं, इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यात ही एकटीच असते, डब्यात ओला कापूस ठेवून, सुकू नये म्हणून. रोज सकाळी तिला लाइटखाली तिरकी धरून बघणं हे सध्या नव्या पोरांपैकी एकीकडे आहे, ती वहीत रोज लिहिते, दिवस तिसरा, काही नाही, दिवस चौथा, काही नाही.